फवारणीच्या औषधांची लांबलचक इंग्रजी नावे अक्षरांवरून ओळखण्याची रीत

कपाशी, सोयाबीन आणि तूर ही पिके ज्यांच्या वावरात उभी असतात, त्या विदर्भातील घरांमध्ये पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत औषधांच्या बाटल्या आणि पुड्या येत राहतात. बाटलीच्या दर्शनी भागावर मोठ्या रंगीत अक्षरांत जे नाव असते, ते कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव होय. ते ऐकायला जोरकस असते आणि तोंडातही सहज बसते, परंतु बाटलीत काय आहे याचा त्यातून काहीच बोध होत नाही. त्यातच एकच रसायन अनेक कंपन्या आपापल्या नावाने विकत असल्यामुळे दोन निराळ्या बाटल्यांत एकच औषध असणे ही नित्याची गोष्ट आहे. खरे नाव खाली बारीक अक्षरांत असते. क्लोरँट्रानिलीप्रोल, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डायफेनथियुरॉन अशी ही नावे वाचताना जीभ अडखळते, म्हणून बहुतेक जण ती वाचायचीच सोडून देतात.

वास्तविक ही नावे पाठ करण्याची गरज नसते. ती तुकड्यांनी बनलेली असतात आणि एका कुळातील रसायनांच्या नावांत बहुधा काही अक्षरे मुद्दाम सारखी ठेवलेली असतात. ती सारखी अक्षरे कोणती आणि त्यांचा अर्थ काय, एवढे कळले की अनोळखी बाटली हातात आल्यावरही ती कोणत्या जातीची आहे हे बऱ्याच वेळा सांगता येते. त्यासाठी इंग्रजी भाषा येण्याची आवश्यकता नाही, मुळाक्षरे ओळखता आली की पुरे. घरात आठवी-नववीत शिकणारे लेकरू असेल, तर त्याला शेजारी बसवून हे काम एका संध्याकाळी सुरू करता येईल.

नाव कोठे शोधावे

कृषी सेवा केंद्रात ज्याला ‘कंटेंट’ किंवा ‘टेक्निकल’ म्हणतात, ते रसायनाचे सामान्य नाव होय. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार हे नाव, रसायनाचे प्रमाण, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, बॅच क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण ही माहिती लेबलवर छापावीच लागते. शोधण्याची सोपी खूण म्हणजे टक्क्यांचा आकडा. ज्या शब्दाला लागून टक्केवारी आणि त्यानंतर ईसी, एससी, एसएल यांसारखी दोन इंग्रजी अक्षरे आहेत, तो शब्द म्हणजेच आपल्याला हवे असलेले नाव. ही सामान्य नावे आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संघटना मान्य करते, त्यामुळे कंपनी बदलली, राज्य बदलले किंवा देश बदलला तरी नाव तेच राहते. लेबलवरील अक्षरे दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. खोक्यात घडी करून ठेवलेल्या माहितीपत्रकात तेच नाव मराठीतही बहुधा सापडते, म्हणून ते पत्रक फेकू नये.

नाव मागून वाचावे

एवढा लांब शब्द डावीकडून वाचायला घेतला की माणूस मध्येच थकतो. म्हणून सुरुवात शेवटच्या चार-पाच अक्षरांपासून करावी. नावाच्या शेवटच्या भागाला रसायनाचे आडनाव समजण्यास हरकत नाही, कारण कूळ बहुधा त्यावरूनच कळते. अर्थात एका आडनावाची दोन घरे नेहमी भाऊबंद नसतात, आणि हा धोका येथेही आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

नावाच्या आरंभीचे तुकडे रसायनात काय मिसळले आहे ते सुचवतात. ‘क्लोर’ असेल तर क्लोरीन, ‘फ्लू’ असेल तर फ्लोरीन, ‘ब्रोम’ असेल तर ब्रोमीन. ‘थाय’ किंवा ‘थायो’ हा तुकडा गंधकाच्या ग्रीक नावावरून आला आहे. ‘डाय’ म्हणजे दोन, ‘ट्राय’ म्हणजे तीन आणि ‘हेक्झा’ म्हणजे सहा. ‘अल्फा’, ‘बीटा’, ‘लॅम्डा’ ही ग्रीक मुळाक्षरे असून ती एकाच रसायनाच्या रेणूची निरनिराळी ठेवण दाखवतात, म्हणून अल्फा सायपरमेथ्रिन हे सायपरमेथ्रिनहून वेगळ्या कुळाचे औषध नव्हे. हे सारे जाणून घेण्यात गंमत आहे, पण शेतकऱ्याचे त्यावाचून अडत नाही. शेवटच्या तुकड्यावाचून मात्र अडते.

‘फॉस’ : सर्वांत आधी ओळखायचे कूळ

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, मोनोक्रोटोफॉस या नावांच्या शेवटी ‘फॉस’ आहे. इंग्रजीत तो कधी एफ-ओ-एस असा लिहिला जातो, तर कधी पी-एच-ओ-एस असा. दोन्हींचा अर्थ एकच, तो म्हणजे फॉस्फरस. क्लोरपायरीफॉस तर काही बाटल्यांवर एका पद्धतीने आणि काहींवर दुसऱ्या पद्धतीने छापलेले आढळते. त्यावरून ही दोन औषधे आहेत असा समज करून घेऊ नये.

या कुळाला सेंद्रिय फॉस्फरसयुक्त किंवा ऑर्गेनोफॉस्फेट म्हणतात. येथील ‘सेंद्रिय’ या शब्दाचा शेणखत-गांडूळखताच्या सेंद्रिय शेतीशी काहीही संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनयुक्त पदार्थाला सेंद्रिय म्हणतात, इतकाच त्याचा अर्थ आहे. किडीच्या मज्जातंतूंमधून जाणारा संदेश वेळेवर थांबवण्याचे काम असिटिलकोलीनएस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. फॉस कुळातील औषध ते विकर निकामी करते, त्यामुळे मज्जातंतू सतत उत्तेजित राहून कीड मरते. अडचण अशी की हेच विकर माणसाच्या शरीरातही असते आणि तेथेही तेच घडते. तोंडातून लाळ व फेस येणे, दरदरून घाम सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू फडफडणे आणि श्वास कोंडणे ही या विषबाधेची लक्षणे होत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून तरी फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला हे तीन-चार अक्षरांचे शेपूट ओळखता यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कुळातील काही सदस्यांच्या नावात ‘फॉस’ नाही आणि ते वेगळे ध्यानात ठेवावे लागतात. ॲसिफेट, डायमेथोएट आणि मॅलॅथिऑन ही त्यांपैकी नेहमी भेटणारी तीन नावे आहेत. उलट ग्लायफोसेट या तणनाशकाच्या नावात पी-एच-ओ-एस ही अक्षरे मध्यभागी आहेत आणि त्यात फॉस्फरसही आहे, तरी ते वरील विकरावर काम करीत नाही, ते कीटकनाशकही नाही आणि त्याच्या विषबाधेवरील उपचारही निराळा असतो. म्हणून ‘फॉस’ शेवटी आहे की मध्ये, हे पाहणे आवश्यक आहे.

‘थ्रिन’

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेनथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन. शेवटची अक्षरे टी-एच-आर-आय-एन. शेवंतीच्या जातकुळीतील पायरेथ्रम या फुलात पायरेथ्रिन नावाचा नैसर्गिक कीटकनाशक पदार्थ असतो. त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेल्या औषधांना पायरेथ्रॉइड म्हणतात आणि त्यांच्या नावात फुलातील पदार्थाचे शेपूट तसेच ठेवले आहे. घरात डास पळवण्यासाठी जो द्रव विजेच्या उपकरणात लावतात, त्याच्या बाटलीवर ट्रान्सफ्लुथ्रिन हे नाव सापडते. तेही याच कुळातील आहे. फेनव्हॅलरेटच्या शेवटी मात्र ‘थ्रिन’ नसून ते या कुळात आहे.

ही औषधे स्वस्त असतात, अळी लगेच लोळताना दिसते आणि त्यामुळे ती वारंवार मारली जातात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, थ्रिनच्या फवारण्या लागोपाठ घेतल्या तर मित्रकीटक मरतात आणि पांढऱ्या माशीचा उद्रेक होण्यास वाव मिळतो. म्हणून वहीत हे शेपूट दोनदा पाठोपाठ आले की तिसऱ्या वेळी थांबून विचार करावा.

‘प्रिड’ आणि त्याचे नाव न लावणारे भाऊ

इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायाक्लोप्रिड यांच्या शेवटी पी-आर-आय-डी आहे. पिरिडीन नावाच्या रासायनिक कड्यावरून हे शेपूट आले आहे. या कुळाचे नाव निओनिकोटिनॉइड, म्हणजे निकोटिनसारखे काम करणारे नवे रसायन. तंबाखूतील निकोटिन किडीच्या मज्जातंतूवर जेथे बसते, तेथेच ही औषधे बसतात. इमिडाक्लोप्रिड १९९१ मध्ये बाजारात आले आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींसाठी ते घरोघरी पोहोचले.

येथे अक्षरे अपुरी पडतात. थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन आणि डायनोटेफ्युरान या नावांत ‘प्रिड’ कोठेच नाही, तरी ती तिन्ही याच कुळातील आहेत. या लेखातील एखादी गोष्ट घोकून पाठ करायचीच असेल, तर ही तीन नावे करावीत. कारण विदर्भातील कपाशीवर सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. बीटी कपाशीचे बियाणे बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामची प्रक्रिया होऊन येते. तुडतुडे दिसू लागताच शेतकरी इमिडाक्लोप्रिड मारतो, फरक पडला नाही म्हणून दुसऱ्या रंगाची बाटली आणतो आणि तिच्यात ॲसिटामिप्रिड असते, पुढे पुडीतले औषध जोरदार म्हणून घेतो आणि तिच्यात थायामेथोक्झाम असते. नावे बदलली, पैसेही तिप्पट गेले, परंतु किडीच्या दृष्टीने औषध पेरणीपासून एकच आहे. त्या औषधाला सरावलेले तुडतुडे तेवढे मागे उरतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. कूळ बदलायचे असेल तर कृषी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीत फ्लोनिकामिड, डायफेनथियुरॉन, बुप्रोफेझिन यांसारख्या निराळ्या कुळांतील नावांपैकी काय आहे, ते कृषी सहायकाकडून किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रकाशनातून पाहून घ्यावे.

अळीच्या औषधांची शेपटे

क्लोरँट्रानिलीप्रोल आणि सायँट्रानिलीप्रोल यांत ‘निलीप्रोल’ हा मोठा तुकडा सारखा आहे. हे डायमाइड कूळ अळीच्या स्नायूंमधील कॅल्शियमचा तोल बिघडवते. अळी खाणे थांबवते आणि मग मरते, म्हणून फवारल्याबरोबर ती पडली नाही तरी घाबरून दुसरे औषध मारण्याची घाई करू नये. फ्लुबेंडियामाइड हे शेपूट वेगळे असलेले याच कुळातील औषध आहे. मात्र नुसते ‘प्रोल’ पाहून निष्कर्ष काढू नये, कारण इथिप्रोल हे पूर्णपणे वेगळ्या कुळातील आहे आणि त्याचे नाते फिप्रोनिलशी आहे. ‘निली’ ही अक्षरे दिसली तरच डायमाइड समजावे.

‘मेक्टिन’ असलेली नावे म्हणजे अबामेक्टिन आणि इमामेक्टिन. जपानमधील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ॲव्हरमेक्टिन मिळाले आणि त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जनावरांना गोचीड-जंतासाठी डॉक्टर जे आयव्हरमेक्टिन देतात, त्यातही हेच शेपूट आहे. म्हणून कोणी शेतातले इमामेक्टिन बैलाच्या अंगाला लावू नये. कूळ एक असले तरी ती दोन स्वतंत्र औषधे आहेत आणि कोणते कोठे वापरायचे हे ठरलेले आहे.

स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम यांची सारखी अक्षरे शेवटी नसून आरंभी आहेत. स्पिनोसिन ए आणि स्पिनोसिन डी या दोन घटकांचे मिश्रण म्हणून शेवटची ए-डी ही अक्षरे जोडून स्पिनोसॅड हे नाव झाले.

अक्षरे जेथे फसवतात

‘युरॉन’ हे शेपूट सर्वांत घातक आहे, कारण ते तीन-चार वेगवेगळ्या कामांच्या औषधांना लागते. नोव्हाल्युरॉन आणि लुफेन्युरॉन अळीची कात बनू देत नाहीत. डायफेनथियुरॉन पांढरी माशी, तुडतुडे आणि कोळी यांवर चालते आणि त्याची काम करण्याची पद्धत अगदी निराळी आहे. डाययुरॉन हे तणनाशक आहे आणि सोयाबीनमध्ये रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे क्लोरीम्युरॉन हेही तणनाशकच. सोयाबीनमधून उरलेले क्लोरीम्युरॉन ‘युरॉनच आहे’ म्हणून कोणी पऱ्हाटीवर अळीसाठी मारले, तर पऱ्हाटी स्वतःच रुंद पानांची असल्याने इजा तिलाच होईल. म्हणून युरॉन दिसल्यावर पूर्ण नाव अक्षर लावून वाचावे आणि लेबलवर कीटकनाशक लिहिले आहे की तणनाशक, हे पाहिल्याशिवाय झाकण उघडू नये.

तसेच ‘पायर’चे आहे. इमॅझेथापायर हे सोयाबीनमधील तणनाशक आणि क्लोरफेनापायर हे कीटकनाशक. दोघांची शेवटची तीन अक्षरे पी-वाय-आर. येथे आरंभीचा तुकडा कामी येतो. ‘इमॅझ’ने सुरू होणारी इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स ही नावे तणनाशकांची असतात.

‘कार्ब’ हे शेपूट कार्बामेट कुळाचे आहे, उदाहरणार्थ थायोडीकार्ब. हे कूळ फॉसप्रमाणेच त्याच विकरावर परिणाम करते. परंतु इंडोक्झाकार्बच्या शेवटी ‘कार्ब’ असूनही त्याचे काम वेगळे आहे, ते मज्जातंतूतील सोडियमचा मार्ग अडवते. त्यामुळे अळीसाठी फेरपालट करताना थायोडीकार्बनंतर इंडोक्झाकार्ब घेतल्यास कूळ बदलते, तर फॉसनंतर थायोडीकार्ब घेतल्यास नाव बदलूनही घाव एकाच ठिकाणी बसतो.

बुरशीनाशकांत ‘कोनाझोल’ सर्वांत जास्त भेटते. हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल ही सारी बुरशीच्या पेशीचे आवरण बनू देत नाहीत. नायट्याच्या मलमावर किटोकोनाझोल आणि गोळीवर फ्लुकोनाझोल असते, तीही बुरशीविरुद्धचीच. परंतु नुसते ‘अझोल’ म्हणजे बुरशीनाशक नव्हे. मेट्रोनिडाझोल हे जुलाब-आमांशात दिले जाते, अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आहे आणि पँटोप्राझोल पित्तावर देतात. ‘कोनाझोल’, ‘निडाझोल’, ‘बेंडाझोल’, ‘प्राझोल’ अशी लांब शेपटे घेतली की गोंधळ मिटतो. शेपूट जितके लांब घ्याल तितका अंदाज पक्का होतो. दुसरे बुरशीनाशक कूळ ‘स्ट्रोबिन’चे. अझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन ही नावे पाइनच्या शंकूवर उगवणाऱ्या स्ट्रोबिल्युरस या छोट्या अळिंबीवरून आली आहेत. मँकोझेबच्या नावात मँगनीज आणि झिंक दडले आहेत.

तणनाशकांची दोन शेपटे

क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप यांतील ‘फॉप’ आणि क्लेथोडिममधील ‘डिम’ ही केवळ गवतवर्गीय तणे मारणाऱ्या औषधांची खूण आहे. सोयाबीन, तूर, कपाशी ही रुंद पानांची पिके त्यातून वाचतात. मात्र पऱ्हाटीच्या तासांमध्ये जुन्या पद्धतीने ज्वारीची ओळ टाकली असेल किंवा धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची ज्वारी असेल, तर तिला हे औषध गवतच समजते. उलट केना हे तण रसाळ गवतासारखे पसरत असले तरी गवताच्या कुळातील नसल्यामुळे फॉपने हटत नाही. टू-फोर-डी हे तणनाशक आकड्याअक्षरांचे असल्याने त्याला शेपूट शोधण्याचे कारण नाही. त्याचा अंश पंपात राहिला तरी पऱ्हाटीची पाने आक्रसतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

आकडे आणि दोन अक्षरे

नावानंतरची अक्षरे औषध कोणत्या रूपात आहे ते सांगतात. ईसी म्हणजे तेलासारखे द्रव, ते पाण्यात टाकल्यावर दुधाळ होते. एससी म्हणजे बारीक कण तरंगत असलेले दाट द्रव, म्हणून बाटली हलवूनच ओतावे लागते. एसएल पाण्यात पूर्ण विरघळते. डब्ल्यूपी ही पाण्यात मिसळणारी भुकटी, डब्ल्यूजी हे पाण्यात फुटून मिसळणारे दाणे, एसपी आणि एसजी ही अनुक्रमे विरघळणारी भुकटी आणि विरघळणारे दाणे. एफएस हे बियाण्याला चोळण्यासाठी असते. झेडसीमध्ये काही भाग सूक्ष्म आवरणात बंद असतो आणि काही भाग तरंगता असतो.

टक्केवारीकडे दुर्लक्ष करू नये. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल आणि इमिडाक्लोप्रिड ७० टक्के डब्ल्यूजी ही एकाच रसायनाची दोन रूपे आहेत, परंतु दुसरे जवळजवळ चौपट तीव्र आहे. एकाचे माप दुसऱ्याला लावले तर औषध चौपट पडेल किंवा पाव पडेल. नाव सारखे असूनही प्रमाण त्या त्या लेबलवरूनच घ्यावे.

लेबलवर बेरजेचे चिन्ह असेल तर बाटलीत दोन कुळे एकत्र आहेत. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के ईसी, किंवा थायामेथोक्झाम १२.६ टक्के अधिक लॅम्डा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा बाटलीतील औषधासोबत पंपात आणखी एखादे थ्रिन ओतणे म्हणजे तेच औषध दोनदा टाकणे होय. पंपाशेजारी उभे राहून चार बाटल्यांचा काला करण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिला आवर घालण्याचा मार्ग म्हणजे ओतण्याआधी प्रत्येक बाटलीचे शेपूट मोठ्याने वाचणे.

वही कशी ठेवावी

शाळेची शंभर पानी वही पुरेशी आहे. प्रत्येक फवारणीला एक ओळ द्यावी आणि तीत तारीख, वावराचे नाव, व्यापारी नाव, सामान्य नाव जसेच्या तसे इंग्रजी अक्षरांत, शेपूट आणि कोणत्या किडीसाठी मारले हे लिहावे. शेपटाच्या रकान्याखाली लाल शाईने रेघ ओढावी, कारण पुढच्या वेळी दुकानात जाताना पाहायचे असते ते तेवढेच. पहिली ओळ बियाण्याच्या पाकिटावरून भरावी. दुकानदाराला व्यापारी नाव न सांगता “मागच्या वेळी प्रिड मारले होते, या वेळी दुसऱ्या कुळातले द्या” असे सांगता आले, तर बोलणे निराळ्या पातळीवर जाते. पक्के बिल मागावे आणि त्यावर बॅच क्रमांक आहे की नाही, ते तेथेच पाहावे. रिकाम्या बाटलीचे लेबल फाटण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. वाचताना अडचण आली तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर नाव अक्षर लावून सांगता येते आणि मराठीत उत्तर मिळते.

त्रिकोणाचा रंगही वहीत लिहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण असतो, तर क्लोरँट्रानिलीप्रोलवर हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र नाही.

फवारताना कोणाला चक्कर, मळमळ, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फवारणी तेथेच थांबवून त्याला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा आणि कोणते औषध, असे डॉक्टरांनी विचारल्यावर व्यापारी नावाऐवजी सामान्य नाव सांगावे. फॉस आणि कार्बामेट कुळांच्या विषबाधेत ॲट्रोपीन हे उताऱ्याचे मुख्य इंजेक्शन आहे आणि फॉससाठी त्यासोबत प्रॅलिडॉक्सिमही दिले जाते. थ्रिनसाठी असा ठरलेला उतारा नाही, तेथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. बाटलीत दोन औषधे मिसळलेली असतील तर दोन्ही नावे सांगावीत.

शेवटी घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात किंवा वावरातील खोपडीत पडून असलेल्या जुन्या बाटल्या काढून त्यांची नावे वाचावीत. ट्रायझोफॉस, फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फॅमिडॉन आणि अलाक्लोर यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ पासून बंदी आहे आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. यांपैकी कोणतेही नाव सापडले तर ते विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये आणि जाळूही नये. बाटली तशीच बंद करून लेकरांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवावी आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून तेथे सांगतील त्याप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी.